भेटायला या, पण निघायचं कसं ते आधी ठरवा: खानदेशातलं एक परदेशी दत्तक प्रकरण

आमच्याकडे परदेशी दत्तकाची प्रकरणं तशी कमीच येतात, पण त्यात एक प्रश्न हमखास असतो. मूल ठरलंय, आपण होकार दिलाय, कागद चालू आहेत, पण ऑर्डर यायला किती महिने लागतील ते कोणीच छातीठोकपणे सांगत नाही, तर मधल्या काळात येऊन पोराला भेटून जायचं का? की भेटून परत गेलो तर त्याला उलट जास्त त्रास होईल? दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक आहेत आणि दोघांचंही खोटं नाही. मी दत्तक कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते आणि माझं मत असं आहे की यावं, जरूर यावं, फक्त तयारी म्हणजे तिकीट, खोली आणि खेळणी एवढीच नसते, निघायचं कसं आणि निघाल्यानंतरचे महिने पोराला कोण सांभाळणार हे यायच्या आधी ठरलेलं पाहिजे. ज्या प्रकरणामुळे हे मत पक्कं झालं ते इथे सविस्तर लिहिते.

नावं लिहिणार नाही, संस्था आणि गावही नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय ती पोरगी उद्या मोठी होऊन हे वाचू शकते, ते मला कायद्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात, आणि ती संस्थेत कशी आली ती गोष्ट तिची आहे म्हणून ती इथे नाही.

दत्तक घेणाऱ्या नवराबायकोला आपण ताई आणि भाऊ म्हणू. ताई चाळीसगावकडच्या, भाऊ धुळ्याचे. दोघं बरीच वर्षं अमेरिकेत टेक्सासला, आता अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डवाले (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड). ताईंच्या आई, म्हणजे आपण आजी म्हणू, जळगावात एकट्या राहतात. पोरगी सहा वर्षांची, एका पायाला जन्मापासून क्लबफूट म्हणजे आत वळलेलं पाऊल, प्लास्टरचे उपचार उशिरा सुरू झाले त्यामुळे चालते-पळते पण पाय थोडा आत वळतो. बोलते अहिराणी आणि शाळेतली मराठी, दोन्ही मिसळून. संस्थेत तिची एक ठरलेली मावशी, म्हणजे रोज सांभाळणारी बाई आहे, तिचं अंथरूण मावशीच्या खाटेशेजारी. ही मावशी या प्रकरणात फार महत्त्वाची आहे हे आधीच सांगून ठेवते.

आता थांबावं का लागतं ते थोडक्यात सांगते, कारण घरचे लोक रोज विचारतात "अजून का नाही झालं" आणि उत्तर माहीत नसलं की संशय येतो. भारत आणि अमेरिका दोघंही १९९३ च्या हेग दत्तक करारात आहेत, आपल्याकडे तो १ ऑक्टोबर २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून. म्हणजे दोन्ही सरकारांनी एकमेकांना कागदावर "आमच्याकडून ठीक आहे" असं सांगितल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. ताई-भाऊंचा तिकडच्या मान्यताप्राप्त एजन्सीने गृहभेट अहवाल केला, अमेरिकन सरकारकडून आय-८००ए ची, म्हणजे दत्तक पालक म्हणून पात्र असल्याची मंजुरी आली, मग दिल्लीच्या काराच्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंद झाली, मग या पोरीची माहिती आली, तिचा बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल वाचून त्यांनी सही केली. लोकांना वाटतं झालं! पण त्यानंतर याच मुलीसाठीचा आय-८०० अर्ज, त्याची तात्पुरती मंजुरी, व्हिसाचा अर्ज, दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५ चं पत्र, मग काराची एनओसी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. हा आदेश पूर्वी कोर्टातून व्हायचा, २०२१ च्या दुरुस्तीनंतर म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात आणि कायद्यात त्याला दोन महिने धरलेत. आदेशानंतर काराचं त्याच कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र, जन्म दाखला, पासपोर्ट, आणि शेवटी व्हिसा. या साखळीत एका कागदावर जन्मतारीख वेगळी पडली तरी सगळं अडतं, आणि इथे तसंच झालं, दोन कागदांवर महिना वेगळा होता, तो दुरुस्त व्हायला बरेच आठवडे गेले.

या सगळ्यात भेटायला परवानगी कधी? ताईंच्या आईला वाटत होतं की लेकीने अर्ज केलाय तर आपण जवळच राहतो, जाऊन दोन-चार पोरं बघून यावीत. तसं अजिबात चालत नाही. हेग कराराचं कलम २९ आहे, मूल दत्तकासाठी मोकळं आहे आणि पालक पात्र आहेत हे दोन्ही ठरेपर्यंत पालकांनी मुलाच्या आईवडिलांशी किंवा मुलाला सांभाळणाऱ्यांशी संपर्कच करायचा नाही. मुलं बघून निवडायची नसतात, त्यासाठीच ते कलम आहे. एकदा पोर्टलवरून जुळवणी झाली की मात्र पालक संस्थेत येऊन मुलाला प्रत्यक्ष भेटू शकतात आणि वैद्यकीय अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवू शकतात. पण मूल संस्थेतच राहतं. रात्री आजीकडे न्यायचं नाही, लग्नाला न्यायचं नाही. मूल भारतातच पण आपल्याजवळ ठेवायची परवानगी मिळते ती एनओसी नंतर, आदेश यायचा बाकी असताना, संस्थेला हमीपत्र देऊन. त्याला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. हे दोन टप्पे वेगळे आहेत हे ज्या घराला नीट कळतं ते घर निम्मी भांडणं वाचवतं.

तर ताई आणि भाऊ पहिल्यांदा आले ते जानेवारीत. हवा चांगली, घरोघरी भरीत चाललेलं, नातेवाईक खूश. मी आधी व्हिडिओ कॉलवर दोघांशी बोलून घेतलं होतं. एक तर सगळे दिवस संस्थेत यायचं पण रोज थोडाच वेळ, आणि वेळ तीच. दुसरं, फक्त तिच्यासाठी काहीही आणायचं नाही, आणायचं तर तिच्या खोलीतल्या सगळ्या पोरांना पुरेल असं. तिसरं, "मी तुझी मम्मी" असं पहिल्या दिवशी म्हणायचं नाही, कारण संस्थेतली लहान पोरं येणाऱ्या प्रत्येक बाईला आई म्हणतात आणि त्या शब्दाची त्यांना इतकी सवय असते की त्यावरून काहीच कळत नाही.

पहिल्या दिवशी पोरगी टेबलाखाली जाऊन बसली. बाहेरच येईना. भाऊंचा चेहरा पडला, ते दोनदा खाली वाकून तिचं नाव घेऊन बोलले आणि ती आणखी आत सरकली. मावशी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, तिने ताईंना हाक मारली, "बसा ना ताई इथं, हात चालवा." ताई बसल्या आणि शेंगा फोडायला लागल्या, मावशीशी गावाकडच्या गोष्टी अहिराणीत सुरू झाल्या, यंदा पाऊस किती झाला, कपाशीला भाव काय. पोरीकडे दोघी बघतच नव्हत्या. बऱ्याच वेळाने टेबलाखालून एक हात आला आणि सुपातल्या मूठभर शेंगा उचलून परत आत गेला. मग आतून फोडल्याचा आवाज. मग फोडलेले दाणे बाहेर आले, टरफलासकट, सुपात टाकले गेले. त्या दिवशी एवढंच झालं. ताईंना वाटलं काहीच झालं नाही, मला विचाराल तर पहिल्या दिवसासाठी ते खूप होतं, कारण पोरगी मावशीच्या आडून या बाईला बघत होती, मावशी हिच्याशी कशी बोलते ते बघत होती, आणि मावशीला जी चालते ती आपल्यालाही चालेल हे तिचं तिने ठरवलं.

म्हणून मी म्हणते की भेटीच्या तारखा ठरवताना सगळ्यात आधी मावशीची रजा बघा. लोक विमानाच्या तिकिटाचे भाव बघतात. मुलाची रोजची सांभाळणारी बाई त्या दिवसांत नसेल तर भेट निम्मी वाया जाते.

नंतरचे दिवस चांगले गेले. भाऊंनी डॉक्टरचं काम अंगावर घेतलं, अहवाल घेऊन जळगावातल्या एका हाडांच्या डॉक्टरकडे गेले, पायाला आणखी शस्त्रक्रिया लागेल का, बूट कसे लागतील, सगळं लिहून आणलं, टेक्सासच्या डॉक्टरशी बोलून ठेवलं. पण त्यामुळे झालं असं की संस्थेत ताई जास्त वेळ आणि भाऊ कमी. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी येईलच.

मधेच एक प्रकार घडला. ताईंच्या चुलत भावाने पोरीचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, हौसेने, "आमच्या घरची नवी लेक" असं लिहून. ग्रुपमध्ये शंभरेक माणसं. मी ताईंना लगेच काढायला लावला आणि कलम ७४ सगळ्यांना समजावून सांगितलं. घरचे दुखावले, की आम्ही काय चोरी केली का. चोरी नाही, पण आदेश होईपर्यंत ती कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालक आहे, अजून तुमच्या घरची झालेली नाही, आणि काही कारणाने प्रकरण मोडलं तर तो फोटो शंभर फोनमध्ये राहतो. आणखी एक जण भेटला, "दिल्लीत ओळख आहे, फाईल पुढे सरकवून देतो" म्हणणारा. त्याला घरातच येऊ दिलं नाही हे आजींनी फार चांगलं केलं. पद्धत डावलून मूल देणं-घेणं याला बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही आहे, आणि असा एक डाग लागला की व्हिसा तर विसराच.

आता निघण्याचं. बहुतेक घरी सल्ला मिळतो की पोर झोपलं की निघून जा, नाहीतर फार रडतं. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. ज्या पोराच्या आयुष्यात आधीच माणसं न सांगता गेलेली आहेत त्याच्याकडून परत न सांगता जायचं म्हणजे त्याला जे आधीपासून वाटतंय ते आपण खरं करून दाखवतो. आम्ही निघायच्या दोन दिवस आधीपासून सांगायला सुरुवात केली. ताईंनी आपली बॅग संस्थेत आणली आणि पोरीसमोर भरली. एक छोटा अल्बम केला होता, त्यात टेक्सासचं घर, तिची खोली, कुत्रा, ताई-भाऊंचे स्वयंपाकघरातले फोटो, आणि पहिल्या पानावर ती आणि मावशी. हो, मावशी पहिल्या पानावर, ते मी मुद्दाम सांगितलं होतं. ताईंनी स्वतःची वापरलेली ओढणी न धुता ठेवली.

पोरीने बॅगेकडे बघून विचारलं, "तू जाई राहिनी का?"

ताई म्हणाल्या, हो, मी जाते. माझे कागद साहेबांकडे आहेत. ते झाले की मी परत येते. कधी होतील ते मला माहीत नाही, पण मी येते आणि तोवर फोन करते.

हे वाक्य आम्ही आधी घोकून ठेवलं होतं, कारण तोंडात सहज येतं ते "लवकर येते" किंवा "पुढच्या महिन्यात येते", आणि ते दोन्ही आपल्या हातात नसतं. पोरगी रडली नाही. भाऊ रडले. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा ती मावशीच्या कडेवर होती, आणि मावशीने त्या दिवशी दुसरं कुठलं काम घ्यायचं नाही असं संस्थेने आधीच ठरवून दिलं होतं.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे वाईट गेले. अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे तिने कधीच सोडलं होतं. दुसऱ्या एका पोरीला चावली. जेवण कमी. संस्थेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला स्पष्ट सांगितलं की या लोकांना येऊच द्यायला नको होतं, पोरगी चांगली रुळली होती, आता बघा. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, रात्री चादरी त्यांना बदलाव्या लागत होत्या. पण मला त्यात दुसरं दिसत होतं. संस्थेत वाढलेलं पोर कोणीही आलं तरी हसतं आणि कोणीही गेलं तरी खेळत राहतं, तेव्हा सगळे म्हणतात किती शहाणं पोर आहे, आणि मला तेव्हाच जास्त काळजी वाटते. ही पोरगी त्रास करून घेत होती म्हणजे गेलेलं माणूस तिला हवं होतं. आता प्रश्न एवढाच की त्या दुःखात तिच्याजवळ कोण आहे. मावशी होती, म्हणून निभावलं. मावशीची बदली किंवा सुट्टी असती तर मी स्वतः म्हटलं असतं की भेट चुकली.

फोनचं पण नीट ठरवलं होतं. संस्थेच्या परवानगीने आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, जेमतेम दहा मिनिटं. "माझी आठवण येते का" असले प्रश्न विचारायचे नाहीत. ताई स्वयंपाकघरात काहीतरी करत फोन लावायच्या, कांदा चिरत, डबा भरत, आणि पोरगी अल्बम काढून कुत्रा कुठाय ते विचारायची. मार्चमध्ये अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे आपल्या सातला तिकडे आधी साडेसात वाजायचे ते साडेआठ झाले, आणि ती ताईंची ऑफिसची वेळ. घरून सुचवलं गेलं की इकडे सहाला करू. मी नाही म्हटलं. पोराचं घड्याळ हलवायचं नाही, आपलं हलवायचं. ताईंनी ऑफिसात सांगून ती दहा मिनिटं मोकळी करून घेतली, पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायच्या.

आणि मग आखाजी आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय तृतीया म्हणजे आमच्याकडची आखाजी, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, रस-पुरणपोळी असते, आमच्याकडे दिवाळीइतकाच मोठा सण आहे हा. आजी एकदा संस्थेत पोरांसाठी बिबड्या (ज्वारीचे पापड) घेऊन गेल्या होत्या, मायेने, आणि बोलता बोलता म्हणाल्या, आखाजीला येईल बरं का तुझी मम्मी. फाईल तेव्हा चांगली चालली होती, आजींना खरंच वाटत होतं. पण जन्मतारखेचा घोळ तेव्हाच निघाला आणि एनओसी पुढे गेली. आखाजीच्या दिवशी संस्थेच्या आवारातल्या कडुलिंबाला झोका बांधला, बाकीच्या पोरी पाळीपाळीने बसत होत्या आणि ही फाटकाजवळ. मे महिन्यातलं जळगाव जिल्ह्याचं ऊन, पारा पंचेचाळीसच्या आसपास, तरी सावलीत यायला तयार नाही. मावशी छत्री घेऊन तिच्याशेजारी उभी राहिली.

आजींना मी दोष देत नाही. आपल्या भाषेत, आपल्या घरात वेळ सणांनीच मोजली जाते, लहान पोराला तारीख कळत नाही म्हणून आपण म्हणतो दिवाळीनंतर, पोळ्याच्या आधी. एरवी ते बरोबरच आहे. पण दत्तकाच्या वाटेत सणाचं नाव घ्यायचं नाही, हा माझा पक्का नियम आहे, कारण फाईल रखडली तरी सण ठरल्या दिवशी येतो, गाजावाजा करत येतो, आणि पोराला त्या दिवशी लपायला जागा उरत नाही. वाट बघायला लावायचीच असेल तर ज्याच्यावर आपला ताबा आहे त्याची लावावी, जसं की पुढचा फोन. त्या संध्याकाळी ताईंनी ठरलेल्या दिवसाव्यतिरिक्त फोन केला आणि सरळ सांगितलं की आजी म्हणाल्या होत्या पण साहेबांचा कागद झाला नाही, तू वाट बघितलीस, मला माहीत आहे. पोरीने फोन मावशीच्या हातात दिला आणि निघून गेली. तो राग योग्य होता आणि ताईंनी तो ऐकून घेतला, समजूत काढायची घाई केली नाही.

एनओसी जूनच्या शेवटी आली, ताई जुलैमध्ये परत आल्या. यावेळी जळगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आजींच्या घराजवळ पण आजींच्या घरात नाही. आजींना ते लागलं. पण पोरीने एका वेळी एकच माणूस आणि एकच घर शिकावं असं मला वाटत होतं. हमीपत्र दिलं, आणि पहिले काही दिवस मावशी रोज संध्याकाळी तासभर यायची, नंतर एक दिवसाआड, नंतर रविवारी. पोरगी पहिल्या रात्री ती जानेवारीतली ओढणी घेऊन आली होती. संस्थेत ती कोणी धुतली नव्हती, याबद्दल त्या ज्येष्ठ बाईंचेच आभार मानायला हवेत, ज्यांना भेट नको वाटत होती.

श्रावणात कानबाई बसली, ही आमच्या खानदेशातली देवी. आजींच्या घरी दरवर्षी भाऊबंद जमतात, रोट असतात, शंभर-दीडशे माणूस सहज. सगळ्यांना नवी पोरगी बघायची होती. आम्ही ठरवलं की रविवारी गर्दी व्हायच्या आधी सकाळी ताई आणि पोरगी जाऊन नमस्कार करून येतील, अर्धा तास, कोणी उचलून घ्यायचं नाही, कोणी मांडीवर ओढायचं नाही, पायाबद्दल तिच्यासमोर एक शब्द नाही. कानबाईपुढे ती आजींच्या पदराला धरून उभी होती एवढं ताईंनी सांगितलं. विसर्जनाला नेलं नाही. नातेवाईकांनी बरंच ऐकवलं, आजींनी ते सगळं स्वतः झेललं आणि ताईंपर्यंत पोचू दिलं नाही.

रजेचा हिशोब पण सांगायला हवा, कारण बाहेर राहणाऱ्या लोकांचं सगळं नियोजन तिथेच अडतं. अमेरिकेत १९९३ चा कौटुंबिक रजेचा कायदा आहे, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत, वर्षभर नोकरी आणि ठराविक तास भरलेले असतील तर वर्षात बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी शाबूत राहते. दत्तकासाठी ती चालते, आणि दत्तक पूर्ण करायला परदेशी जावं लागत असेल तर मूल घरी यायच्या आधीही घेता येते. ताई-भाऊंनी जानेवारीची भेट साध्या पगारी सुट्टीत केली, हे बारा आठवडे राखून ठेवले. ताईंचे जुलैपासून जळगावात लागले, भाऊंचे पोरगी टेक्सासला पोचल्यावर. घरात पोराजवळ सलग कोणीतरी असावं म्हणून हा विचार केला आणि पैशाच्या, रजेच्या दृष्टीने तो चोख होता.

पण त्यामुळे भाऊ जानेवारीनंतर थेट ऑक्टोबरमध्ये दिल्लीला आले, आदेश, प्रमाणपत्र, पासपोर्ट सगळं झाल्यावर, व्हिसाच्या मुलाखतीला. तोवर पोरगी आणि ताई यांचं एक घर झालेलं होतं, त्यात भाऊ पाहुणे. दिल्लीच्या खोलीत ती त्यांच्याकडून पाण्याचा ग्लाससुद्धा घेईना. विमानात मधल्या सीटवर बसायला नकार, ताईंच्या पलीकडे खिडकीशी. हेग कराराखाली दत्तक झालेल्या मुलांच्या आयएच-३ व्हिसावर ती अमेरिकेत उतरली आणि २००० च्या बाल नागरिकत्व कायद्याप्रमाणे तिथेच अमेरिकन नागरिक झाली, कागदावर दोघांचीही लेक, पण भाऊंना सुरुवात पुन्हा टेबलाखालून करावी लागली.

यावर आमचं खूप बोलणं झालं. माझं म्हणणं असं की दोघांपैकी एकालाच लांब राहता येत असेल तर दुसऱ्याने शेवटी यायचं नाही, मधे यायचं. संगोपनाचा पहिला आठवडा झाला की आठ दिवस येऊन जा, मग शेवटी परत या. त्याने रजेचे दोन आठवडे कमी पडले असते, खर्च वाढला असता, आणि निघायचं दुःख आणखी एकदा झालं असतं, हे सगळं खरं, पण पोरीने "जातो आणि परत येतो" हे त्यांच्याबाबतीतही एकदा अनुभवलं असतं. ताईंना हे पटतं. भाऊंना अजून पूर्ण पटत नाही, त्यांचं म्हणणं की आपले बारा आठवडे अखंड मिळाले म्हणूनच पुढचं जमलं, आणि त्यांचीही बाजू आहे, कारण ते पूर्ण वेळ घरी होते, पायाच्या बुटांसाठी, व्यायामासाठी, डॉक्टरकडे तेच नेत होते.

दत्तकानंतर दोन वर्षं अहवाल द्यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. पहिला अहवाल आला त्यात लिहिलं होतं की शाळा सुरू झालीय, रात्री उठते पण अंथरूण कोरडं असतं, पायाच्या पट्ट्या फक्त बाबांकडूनच बांधून घेते. मावशीचा फोन रविवारी चालू आहे. तो बंद करायचा का असं तिकडच्या समाजसेविकेने विचारलं होतं, आम्ही दोन्हीकडून लेखी कळवलं की पोरगी स्वतः कमी करेपर्यंत तो तसाच राहील.